भांगेच्या पानाचा फ्रॉक

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला गेल्या महिन्यात टीबी निघाला. घरच्यांनी बाहेर सांगितलं, अ‍ॅलर्जी आहे. मी मनात म्हटलं, प्रगती आहे. आमच्या वेळी दमा सांगायचे. तिच्या खोलीची खिडकी सारखी बंद दिसायची. परवा जाऊन ती उघडून आले आणि तिला म्हटलं, काय काय होतं ते मी लिहून देते, वाच. तेच हे. तिच्यासारख्या आणखी कुणाच्या हाती पडलं तर त्यांनीही वाचावं.

गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. मी एकच सांगते. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सोडायचा मोह होतो. मोह सोडा, गोळ्या सोडू नका. डॉक्टर जे सांगत नाहीत ते असं, की या आजारात खोकल्यापेक्षा आठवण जास्त छळते. माझी मुलगी अनु साडेचार वर्षांची होती आणि आठ महिने मी तिला पाहिलं नाही.

तेव्हाची मी

तेव्हाची मी म्हणजे मंदाकिनी, वय चौतीस, स्वतःला फार समजणारी. उज्जैनला नानाखेड्यात नवं घर, यांची बँकेत नोकरी, घरात केबल नुकतीच आलेली. बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं आणि मला ते सगळं हवं असायचं. अनुचे फ्रॉक इंदूरहून रेडिमेड आणायचे. एखाद्याचं बटण तुटलं की तो गेला कामवालीच्या मुलीला. सासूबाई म्हणायच्या, "अगं, दोन टाके मार ना." मी म्हणायची, "आई, तो जमाना गेला आता." सुई घरात होती, पण पायातला काटा काढायला.

संध्याकाळचा ताप आणि खोकला मी दोन महिने अंगावर काढला, कारण लग्नसराई होती आणि मला साड्या मिरवायच्या होत्या. मग एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. देवास गेटजवळ एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला, जरा वेळ पाहिला आणि यांना विचारलं, "फेफड़े में है. घर में छोटा बच्चा है?"

फुफ्फुस माझं, बच्चाही माझा, पण विचारलं यांना. हे नुसतेच मान हलवत राहिले.

टेम्पोतून घरी येताना मी पदर तोंडाला लावून बसले आणि पहिला विचार कसला आला सांगू? माझी मोतिया रंगाची नवी साडी आता कोण नेसणार. इतकी शहाणी होते मी. अनुचा विचार घराच्या फाटकाशी आला, कारण ती फाटकावर लोंबकळून झोके घेत होती. मला बघून उडी मारली, फ्रॉकचा घेर खिळ्यात अडकून टर्रकन फाटला, तरी ती धावत आली. मी तोंडावरचा पदर न काढता हात पुढे केला आणि म्हटलं, "तिथेच थांब."

असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. ती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिला ग्वाल्हेरला घेऊन गेले, आपल्या मोठ्या बहिणीकडे. त्या माझ्या नणंद, मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि अनुवर फार जीव होता. निघताना अनुनं विचारलं, "आई येत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "येते आहे मागून." मी खिडकीतून पाहत होते. फाटलेला फ्रॉक दाराच्या मागे खुंटीवर तसाच राहिला.

वॉर्ड

हॉस्पिटलमध्ये मी पाच आठवडे होते. पहाटे झाडू, मग चहा, मग इंजेक्शन, मग दुपार. दुपार फार लांब असते तिथे. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी आता संपलेच म्हणून रडारड केली. आयाबाई म्हणाली, "दवाई का रंग है, बाईसाब. होली समझ लो." ती बाई मला रोज न सांगता गरम पाणी आणून द्यायची. अशा माणसांची नावं विचारून ठेवा. मी विचारलं नाही, ते अजून खातं.

शेजारच्या पलंगावरची बाई रोज आपल्या मुलाचा फोटो उशीखालून काढून मला दाखवायची. माझ्याकडे अनुचा फोटो नव्हता. घाईत राहिला, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मी बॅगेत पावडर आणि कोल्ड क्रीम आठवणीनं भरलं होतं.

मागची खोली

घरी आल्यावर मला मागची खोली मिळाली. ताट वेगळं, कप वेगळा, चद्दर वेगळी. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या दाराबाहेर ताट ठेवून तिथेच पाटावर बसायच्या आणि मी जेवेपर्यंत गल्लीतल्या बातम्या सांगायच्या. बाहेर मात्र सगळ्यांना, "सूनबाईला दम्याचा त्रास आहे हो."

रविवारी हे कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून ग्वाल्हेरला फोन करायचे आणि येऊन मला तीन वाक्यं सांगायचे. जेवते. शाळेत जाते. खूश आहे.

"माझं विचारलं?"

"लाइन खराब होती ग."

दर रविवारी लाइन खराब असायची. मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये आता तीन वाक्यं उरली होती, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडची.

बिचारी जपानी बाई

मागच्या खिडकीसमोर दुसऱ्या घराची गॅलरी होती. तिथे वरच्या खोलीत केइको नावाची जपानी बाई भाड्यानं राहायला आली. विद्यापीठात संस्कृत शिकायला आलेली, चाळिशीची. दिवसभर गॅलरीत बसून पुस्तक नाहीतर शिवण. तिच्या निळ्या पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती आणि ठिगळांवर पांढऱ्या जाड दोऱ्याच्या रांगाच रांगा. लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही.

मला तिची फार कीव आली. परदेशात एकटी, बिचारी, अंगावर धड कपडा नाही. यांची स्कूटरवरून पडून गुडघ्यावर फाटलेली राखाडी पॅन्ट मी सासूबाईंच्या हाती तिला पाठवली. वर निरोप, संकोच करू नको, ठेवून घे. सासूबाईंनी निरोप काय दिला देव जाणे.

चौथ्या दिवशी केइको आमच्या खिडकीशी आली. दोन्ही हातांवर ती पॅन्ट, घडी घातलेली. वाकली आणि पॅन्ट पुढे केली. फाटक्या जागी आतून कापड लावून वरून पांढऱ्या टाक्यांच्या चौदा रांगा घातल्या होत्या, शेतातल्या सरीसारख्या. मी तिला दान दिलं होतं आणि तिला वाटलं, मी दुरुस्तीला दिली.

लाजून मी खोकले, आणि खोकला थांबेना. ती हलली नाही. खोकला थांबल्यावर तिच्या पुस्तकी हिंदीत म्हणाली, "आपको राजयक्ष्मा है न?"

तीन महिने आमच्या घरात जो शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता, तो त्या बाईनं असा राजासकट उच्चारला. मला हसू आलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले.

"मेरी नानी को भी था," ती म्हणाली. "हम सब जीवित हैं. खिड़की खुली रखिए. सीखेंगी?"

धावदोरा

त्या शिवणीला साशिको म्हणतात. रोज दुपारी ती खिडकीच्या बाहेर स्टुलावर, मी आत पलंगावर. पहिल्या दिवशी सासूबाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा तर आपला गोधडीचा धावदोरा. यासाठी जपानहून यायची काय गरज होती?" मी भाषांतर केलं. केइको खूश होऊन म्हणाली, "माताजी को आता है?" सासूबाईंनी सुई घेतली आणि दोन वीत शिवून दाखवलं. केइकोनं बोट लावून पाहिलं आणि त्यांच्यापुढे वाकली. त्यानंतर त्या मला दाराबाहेरून शिकवू लागल्या. दोन मास्तरणी आणि मी एक ढ.

टाका दिसायला सोपा. सुई हलवायची नाही, कापड तिच्यावर वरखाली चढवत जायचं, मग दोरा एकदम ओढायचा. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालची जागा त्याहून थोडी कमी. हे मला आठवड्यात आलं. आलं नाही ते पुढचं. दोरा ओढल्यावर कापड चिमटीत धरून पुन्हा सरळ करायचं, आणि रांग संपून वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा जरा सैल फास सोडायचा. नाहीतर कापड धुतल्यावर आटतं आणि शिवण आक्रसते.

मला सैल सोडता यायचं नाही. माझा हात दोरा ताणूनच थांबायचा. केइको उसवायची आणि परत द्यायची. "पुनः."

"बाई, और कितनी बार?"

"रोगी के पास समय है," ती म्हणायची. खडूसच होती.

उशीचे अभ्रे, यांचे पायजमे, सासूबाईंचं जुनं लुगडं, सगळं संपल्यावर मी खुंटीवरचा अनुचा फ्रॉक काढला. पिवळा, खिळ्यानं फाटलेला. त्याला नाकाशी लावला. मातीचा वास येत होता आणि खोबरेल तेलाचा. केइको दुसरीकडे बघत बसली.

मग तिनं वहीवर एक नक्षी काढली, चांदणीसारखी, सहा टोकांची. लहान मुलांच्या कपड्यांवर तिच्या देशात हीच घालतात म्हणे. "यह एक पौधे का पत्ता है. पौधा शीघ्र बढ़ता है, सीधा. शिशु भी बढ़े." कुठलं झाड ते तिला सांगता येईना. शब्दकोश आणला, पान उलटलं, बोट ठेवलं. भांग.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "साडेचार वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकवर भांग? आता तिला भांगेच्या ठेक्यावर बसवा म्हणजे झालं." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "महादेवाला चढते ती. राहू दे. पण ग्वाल्हेरला सांगू नका."

वन्संचं पत्र

पाचव्या महिन्यात थुंकीची तपासणी पुन्हा चांगली आली. डॉक्टर म्हणाले, आता मुलीला आणायला हरकत नाही. मी यांना म्हटलं, आणा. हे म्हणाले, ताईला विचारतो. घरात सगळ्यांना भीती होती, आणि खरं लिहायचं तर मलाही होती. फोनवर ठरलं, कोर्स पूर्ण होऊ दे.

त्यानंतर वन्संचं पत्र आलं. अनु छान रमली आहे. चांगल्या शाळेत नाव घातलं आहे. तुझी तब्येत अशी नाजूक, तुला झेपणार नाही. पहिली-दुसरी इथेच होऊ दे, मंदा, मग पाहू.

पत्र प्रेमानंच लिहिलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मी फ्रॉक घेतला आणि दिवसभर शिवला. संध्याकाळी केइकोनं तो हातात धरला. सगळा घेर आक्रसून मुठीएवढा झाला होता. मला वाटलं, आता पुनः म्हणेल.  माझ्यासमोर बसून ते सगळे टाके एकेक करून तिनं स्वतः उसवले, दोरा न तोडता, आणि त्याची गुंडाळी करून माझ्या हातात ठेवली.

मी परत घातला. नीट घातला. धुऊन, उन्हात वाळवून ग्वाल्हेरला पार्सल केला, वर चिठ्ठी: अनुला घालून फोटो पाठवा.

फोटो आला नाही.

ग्वाल्हेर

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. त्याच आठवड्यात केइको जपानला गेली. निघताना मला आपली लांब सुई दिली आणि म्हणाली, "आपका हाथ अभी भी कड़ा है." असा आशीर्वाद.

हे आणि मी ग्वाल्हेरला गेलो. वन्संच्या दारात अनु उभी होती. उंच झाली होती, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मला पाहून वन्संच्या मागे गेली. मी हाक मारली तर तिनं फ्रॉकचा घेर उचलून स्वतःच्या तोंडावर धरला. माझ्यापुढे असं करायचं असतं, हे तिच्या लक्षात राहिलं होतं.

चहा झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "तिलाच विचारू या ना." आणि विचारलंही. अनु म्हणाली, "मी इथेच राहणार."

यांनी माझ्याकडे पाहिलं. उज्जैनची तिन्ही तिकिटं यांच्या खिशात होती, परवाची. तेव्हाची मंदाकिनी काय करणार होती ते मला चांगलं ठाऊक आहे. हाताला धरून, रडत्या पोरीला स्टेशनवर ओढत नेणार होती. आई मीच आहे, हे सगळ्या ग्वाल्हेरला दाखवणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, मी इथे राहिले तर चालेल? काही दिवस."

वन्संनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "तुझंच घर आहे." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आठ महिने रोज आरशात पाहत होते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कपाटातून माझं पार्सल काढलं. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. "भीती वाटली ग मला," एवढंच म्हणाल्या.  मी रागावले होते, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि वर चार शब्द ऐकवले असते.

हे एकटेच परतले आणि मी सत्तावीस दिवस राहिले. सकाळी वन्सं तिची वेणी घालायच्या, शाळेत सोडायच्या. मी ओसरीवर शिवत बसायची. हाक मारायची नाही, असं ठरवलं होतं. हे लिहायला एक ओळ पुरते, करताना फार जड जातं. ती शाळेतून येऊन माझ्या समोरून आत जायची आणि मी मान वर करायची नाही. फक्त पावलं ऐकायची. एकेका दिवशी पावलं हळू व्हायची.

पिवळा फ्रॉक तिला आता होणार नव्हता. दोन आठवडे तो मी नुसताच मांडीवर घेऊन बसत होते. मग एक दिवस अनुच्या शाळेच्या स्कर्टला भोक पडलेलं दिसलं, आणि मी कात्री घेतली. साडेचार वर्षांची अनु त्या फ्रॉकमध्ये ठेवून देण्यात अर्थ नव्हता. सव्वापाच वर्षांची आत दप्तर आपटत होती. पानाची नक्षी गोल कापली आणि भोकावर लावायला घेतली.

सावली पडली. "हे काय आहे?"

"पान."

"कशाचं?"

"सांगायला आजीनं बंदी केली आहे."

ती खाली बसली. जरा लांबच. "माझ्या कानात सांग."

कानात सांगायला तोंड जवळ न्यावं लागतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडावर काही धरलं नव्हतं. मी सांगितलं. ती इतकी हसली की वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

त्यानंतर दहा दिवसांनी अनुनं जेवताना विचारलं, "आपल्या फाटकाला अजून झोका येतो का?" वन्सं उठून आत गेल्या आणि तिची बॅग काढून आणली.

तेल

तुम्हाला वाटेल, एवढ्यानं मी शहाणी झाले. उज्जैनला पोचल्या पोचल्या मी अनुला न्हायला घातलं, दोनदा. तिच्या केसांना वन्संच्या तेलाचा वास होता, तो मला नको होता. गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली होती तेव्हाच मी हे ठरवलं होतं. इतक्या हलक्या मनाची होते मी तेव्हा, आणि आता सुधारले असेन असा दावा करत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला केसांना हात लावू देईना. "आत्याचं तेल." मी खोबरेल दाखवलं, आवळ्याचं दाखवलं. नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत पिंजारलेल्या डोक्यानं गेली. शेवटी मी वन्संना कार्ड टाकलं: तेल कोणतं लावत होतात? ती मागते आहे.

त्यांनी उत्तर लिहिलं नाही. आठव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. वन्सं स्वतःच आल्या होत्या, ग्वाल्हेरहून एकट्या, कधी एकट्यानं प्रवास न केलेल्या. हातात पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीला तीन फडकी गुंडाळलेली.

"घरीच करते मी," त्या म्हणाल्या. "बाजारात मिळायचं नाही तुला."

अनु शाळेत होती. मी चहा ठेवला. सासूबाईंनी लेकीला ओसरीवर आपल्याजवळ बसवून घेतलं. वन्सं सारख्या रस्त्याकडे बघत होत्या, आणि मीही.

"किती वाजता सुटते?" त्यांनी विचारलं.

"अजून तासभर आहे."

मी माझी शिवण बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.